तीन हजारांचा बोर्ड गेम मुलांसाठी घ्यावा का?

पांझराकाठ, धुळे

नमस्कार. आम्ही धुळ्याला राहतो. घरात मी, यजमान, 68 वर्षांच्या सासूबाई, सहावीतला मुलगा आणि नुकतीच सहा वर्षांची झालेली मुलगी अशी पाच माणसे आहेत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, नणंदबाई सुरतेहून त्यांच्या दोन मुलांना घेऊन माहेरी येतील, आणि तिथून पुढे महिनाभर सकाळी दहानंतर मुलांना उंबऱ्याबाहेर पाठवता येणार नाही, इतके ऊन आपल्याकडे असते. गेल्या उन्हाळ्यात चारही मुले कूलरसमोर एका रांगेत बसून मोबाइल पाहत होती आणि संध्याकाळी विचारले, तर दिवसभरात काय पाहिले हे एकालाही सांगता येत नव्हते. ते दृश्य माझ्या मनातून जात नाही, म्हणून या वर्षी काहीतरी आधीच ठरवून ठेवावे असे वाटते.

दिवाळीत मुलगा पुण्याला मामाकडे गेला होता. तिथे तो 'तिकीट टू राईड' नावाचा रेल्वेचा बोर्ड गेम खेळला आणि तेव्हापासून त्याने त्याचा ध्यास घेतला आहे. शोधून पाहिले तर किंमत तीन हजारांच्या आसपास दिसते. खेळण्यावर एकदम एवढे पैसे आमच्या घरात आजवर खर्च झालेले नाहीत. यजमान नाही म्हणत नाहीत, पण जूनमध्ये वह्या-पुस्तके, गणवेश आणि शाळेची रिक्षा हे सारे एकदम अंगावर येते, त्यामुळे त्यांनी निर्णय माझ्यावर सोपवला आहे.

माझे पाऊल अडते ते मागच्या अनुभवामुळे. दोन वर्षांपूर्वी आम्ही 'व्यापार'चा मोठा डबा आणला होता. चार दिवस तो रोज मांडला गेला. अर्ध्या तासात मुलीचे पैसे संपायचे, ती रडत उठायची, आणि मग मुलगा आणि त्याचे बाबा दोघेच पुढचे दीड-दोन तास ओढूनताणून डाव संपवायचे. पाचव्या दिवशी कोणी डबा उघडला नाही. आज तो माळ्यावर आहे आणि त्यातल्या नोटांनी मुलगी दुकान-दुकान खेळते. नव्या खेळाचेही असेच झाले, तर तीन हजार पाण्यात जातील. शिवाय पटावर सगळी अमेरिका-कॅनडातली गावे इंग्रजीत लिहिलेली आहेत, आणि मुलीला अजून मराठीच जोडाक्षरे अडखळत वाचता येतात. सासूबाईंना इंग्रजी अक्षरओळख नाही. सगळ्यांना एकत्र बसता येईल असा खेळ मला हवा आहे. मुलासाठी एक आणि मुलीसाठी दुसरा असे मला करायचे नाही. ज्यांनी हा किंवा असा खेळ घरात प्रत्यक्ष वापरला आहे, त्यांनी कृपया सविस्तर सांगावे.

गुरुजी, अमळनेर

ताई, तुम्ही 'व्यापार'बद्दल जे लिहिले आहे, त्यात दोष तुमच्या मुलीचा नाही आणि तुमचाही नाही. तो खेळ ज्या घराण्यातला आहे, त्याची घडणच तशी आहे. अमेरिकेत एलिझाबेथ मॅगी या बाईंनी 1904 साली 'लँडलॉर्ड्स गेम'चे पेटंट घेतले, आणि जमीन मोजक्या लोकांच्या हाती गेली की भाडे भरणारे कसे कंगाल होतात, हे लोकांना दाखवावे असा त्यांचा हेतू होता. पुढे त्यातूनच मोनॉपॉली आली आणि आपल्याकडचा 'व्यापार' हा तिचाच भाऊबंद. ज्याच्याकडे आधी मालमत्ता आली त्याच्याकडे आणखी येत जाते आणि बाकीचे एकेक करून बाद होतात, हे त्या खेळाचे मर्मच आहे. त्यात आपण घरी लिलावाचा नियम गाळतो आणि दंडाचे पैसे मधोमध ठेवून कोणाला तरी परत देतो, त्यामुळे तो आणखी लांबतो. एवढ्या लहान मुलीला अर्ध्या तासात बाहेर बसवून दोन तास नुसते पाहायला लावणारा खेळ तिने का पुन्हा मागावा?

म्हणून कोणताही नवा खेळ घेताना पहिला प्रश्न हा विचारावा की, हरणारे मूल शेवटपर्यंत पटावर राहते की मध्येच बाद होते. दुसरा प्रश्न असा की, आपली पाळी येईपर्यंत किती वेळ थांबावे लागते. मी पहिली-दुसरीचे वर्ग बरीच वर्षे घेतले आहेत आणि या वयाच्या मुलांचा जीव हरण्यापेक्षा थांबण्याने जास्त मेटाकुटीला येतो, हे मी रोज पाहतो. पाळी लवकर येत असेल, तर हरलेले मूलसुद्धा दुसरा डाव मागते.

डब्यावर वय आठ वर्षांपुढचे लिहिलेले असते, त्याचा अर्थ तेवढ्या वयाच्या मुलाला तो खेळ एकट्याने खेळता येईल, असा घ्यावा. सहा वर्षांचे मूल मोठ्या माणसाबरोबर जोडीने बसले, तर काही अडत नाही. तुमच्या घरी तर ही जोडी तयारच आहे. नातीला डोळे आणि बोटे आहेत, आजीला धीर आहे. दोघींना मिळून एक खेळाडू धरा. इंग्रजी नावांची अडचण खरी आहे, पण पटावरच्या गावांच्या नावांवर मराठीत लिहिलेल्या चिकटपट्ट्या लावता येतात, आणि त्या निमित्ताने मुलीचे वाचनही होईल.

तरीही मी लगेच पैसे खर्च करा असे म्हणणार नाही. या खेळाची नियमपुस्तिका प्रकाशकाच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. ती वाचून घरच्या घरी कागदावर कच्चा नमुना करा आणि दोन संध्याकाळी खेळून पाहा. मुलाला खरोखर ध्यास असेल तर तो हे काम आनंदाने करील.

जंक्शन, भुसावळ

आमच्या घरी हा खेळ चार वर्षांपासून आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. वडील रेल्वेत होते, आमचे बालपण रेल्वे कॉलनीत गेले, त्यामुळे या खेळाबद्दल माझ्या मनात आधीच जिव्हाळा आहे, हे लक्षात घेऊन माझे मत वाचावे.

हा खेळ ॲलन मून यांनी केला असून तो 2004 साली आला आणि त्याच वर्षी त्याला जर्मनीचा 'श्पील डेस यारेस', म्हणजे वर्षाचा सर्वोत्तम खेळ, हा पुरस्कार मिळाला. दोन ते पाच जण खेळू शकतात. डब्यात प्रत्येक रंगाचे 45 याप्रमाणे पाच रंगांचे रेल्वेचे 225 छोटे डबे असतात, रंगीत गाड्यांचे 110 पत्ते असतात आणि दोन गावांची नावे असलेली तिकिटे असतात; ती दोन गावे आपल्या मार्गांनी जोडली की तिकीट पूर्ण होते. आपल्या पाळीला तीनपैकी एकच गोष्ट करायची असते: दोन पत्ते उचलायचे, किंवा एकाच रंगाचे पुरेसे पत्ते टाकून दोन शेजारच्या गावांमधला मार्ग आपल्या डब्यांनी भरायचा, किंवा नवी तिकिटे घ्यायची. बस, एवढेच. पाळी दहा-पंधरा सेकंदांत संपते, म्हणून गुरुजींनी सांगितलेला थांबण्याचा प्रश्न येथे फारसा येत नाही. कोणी बादही होत नाही. कोणाही एकाकडे दोन किंवा त्याहून कमी डबे उरले की प्रत्येकाला शेवटची एकेक पाळी मिळते आणि मग गुण मोजतात.

गुणांची रीत मुलांना फार आवडते. एका डब्याच्या मार्गाला 1 गुण, दोनाला 2, तीनाला 4, चाराला 7, पाचाला 10 आणि सहाला 15. माझी धाकटी मुलगी दुसरीत असताना तिने स्वतःहून विचारले होते की, सहाचा एक मार्ग केला तर 15 आणि तीनाचे दोन केले तर आठच, असे का? त्या संध्याकाळी आमचा खेळ पंधरा मिनिटे थांबला आणि तिने सगळ्या जोड्या वहीत मांडून पाहिल्या.

आता अडचणींकडे येतो. पहिली अडचण म्हणजे पूर्ण न झालेल्या तिकिटाचे गुण शेवटी वजा होतात, आणि लहान मुलांना हे फार लागते. आम्ही पहिले सहा महिने धाकटीपुरती ही वजाबाकी बंद ठेवली होती. दुसरी, कोणी आपला मार्ग अडवला की मोठ्या मुलांमध्ये खडाजंगी होते. नकाशावर वळसा घालून जायला दुसरे मार्ग असतात, हे त्यांना आधी दाखवून द्यावे लागते. तिसरी अडचण डब्यावर कोणी लिहीत नाही, पण आपल्याकडे ती सर्वांत मोठी आहे: मे महिन्यात कूलर चालू असताना पत्ते पटावरून उडतात. आम्ही पत्त्यांची गड्डी आणि उघडे पत्ते गहू निवडायच्या स्टीलच्या ताटात ठेवतो, ताटाचा काठ वाऱ्याच्या बाजूला करतो, आणि प्रत्येकाचे डबे वाटीत. पट कूलरच्या झोतात मांडायचा नाही, त्याला काटकोनात मांडायचा. हे जमेपर्यंत आमचे दोन डाव वाया गेले होते.

इंग्रजीबद्दल सांगायचे, तर वाचन फक्त तिकिटांवरच्या गावांपुरते असते आणि तिकिटावर नकाशाचे छोटे चित्रही असते, त्यामुळे ती दोन ठिकाणे चित्रावरून हुडकता येतात. बाकी सारे रंग आणि मोजणी. याच खेळाचा सहा वर्षांपुढच्या मुलांसाठी 'फर्स्ट जर्नी' असा लहान अवतारही आहे. त्यात गुण नाहीत, सहा तिकिटे आधी पूर्ण करील तो जिंकतो. पण तुमचा मुलगा अकरा-बारा वर्षांचा आहे, त्याला तो महिनाभरात फिका वाटेल.

एक सूचना मात्र अगत्याने करतो. या खेळाला भारताचा नकाशा असलेली पुरवणी मिळते, तिच्या पाठीमागच्या बाजूला स्वित्झर्लंड आहे. 1911 सालचा भारत त्यावर दाखवला आहे आणि आपल्या मुलांना तो पाहताच ओढ वाटते. पण त्या पुरवणीत डबे आणि गाड्यांचे पत्ते नसतात, ते मूळ खेळातूनच घ्यावे लागतात. केवळ भारताचा नकाशा पाहून आमच्या परिचितांनी तेवढीच पुरवणी मागवली आणि मुले हिरमुसली. शिवाय त्या नकाशावर चौघांनाच खेळता येते.

तापीकाठ, शहादा

मला वेगळे मत मांडायचे आहे आणि ते कोणाला दुखावण्यासाठी नाही. आपल्या घरांत खेळ विकत आणण्याची रीतच नव्हती, तरी दुपारी रिकाम्या जात नव्हत्या. नवकंकरीचा पट खडूने फरशीवर दोन मिनिटांत काढता येतो. एकात एक तीन चौकोन, त्यांना जोडणाऱ्या चार रेघा, 24 घरे, प्रत्येकाकडे नऊ खडे. तीन खडे ओळीत आले की समोरच्याचा एक उचलायचा. हा खेळ सहा वर्षांच्या मुलीला एका दुपारी येतो आणि तो नीट खेळायला मोठ्या माणसालाही डोके चालवावे लागते. कवड्या आणि सोंगट्या घेऊन चौसर मांडला, तर तुमच्या सासूबाईंनाच तो शिकवता येईल आणि नातवंडे त्यांच्याभोवती बसतील. तीन हजारांत चांगला कॅरम बोर्डही येतो आणि तो तुमच्या नातवंडांपर्यंत टिकेल.

मी स्वतः दोन्ही प्रकार पाहिले आहेत, म्हणून एक कबूल करतो: जुने खेळ आपोआप खेळले जात नाहीत. आमच्या घरी माझी आई रोज तीन वाजता स्वतः पट आखून मुलांना हाक मारायची, म्हणून ते चालले. ती गावाला गेली की फरशी कोरीच राहायची.

पांझराकाठ, धुळे

तिघांचेही मनापासून आभार. शहाद्याच्या दादांची सूचना मी काल सासूबाईंपुढे ठेवली आणि त्यातून एक गोष्ट कळली, जी मला लग्नाला चौदा वर्षे होऊनही माहीत नव्हती. त्यांचे माहेर चाळीसगाव तालुक्यातले. आखाजीला आपल्याकडे पत्त्यांचे आणि कवड्यांचे डाव कसे रंगतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. पूर्वी ते पैशांवर आणि त्याहून मोठ्या गोष्टींवर चालत. त्यांच्या काकांनी एका आखाजीला बैलजोडी घालवली होती आणि त्या वर्षीची पेरणी दुसऱ्याचे बैल मागून करावी लागली होती. चौसराचे नाव काढताच त्या एवढेच म्हणाल्या, "घरमा फासा नको." आवाज चढलेला नव्हता, पण पुढे बोलायला जागाही नव्हती.

आमच्या घरात 'व्यापार' आला तेव्हा त्या कधीच का बसल्या नाहीत, हे मला आता समजले. त्यातही फासे होते. त्यांच्या मनाविरुद्ध मी काही आणणार नाही. म्हणून भुसावळच्या दादांना विचारते की, या खेळात फासे अजिबात नाहीत ना? आणि पत्ते आहेत, तर ते कसे दिसतात?

गुरुजी, अमळनेर

सापशिडीचे मूळ असलेला मोक्षपट परंपरेने ज्ञानेश्वरांच्या नावाशी जोडला जातो, आणि तोही फाशांच्या दानावरच चाले, असे सांगून आजींची समजूत घालता येईल, असे मला क्षणभर वाटले होते. पण तुमचे लिहिणे पुन्हा वाचल्यावर तो विचार मी सोडला. त्यांनी पाहिले ते खरे आहे, त्यावर युक्तिवाद करू नये.

जंक्शन, भुसावळ

ताई, फासा एकही नाही. पत्त्यांवर राजा-राणी नाही, बदाम-किलवर नाही. प्रत्येकावर रेल्वेच्या डब्याचे रंगीत चित्र असते आणि काहींवर इंजिन असते, ते कोणत्याही रंगाच्या जागी चालते. पैसेही नाहीत, नोटा नाहीत.

तुम्ही कागदी नमुना करणार असाल तर एक सांगतो. नकाशा काढताना कोणत्याही गावाला एकच रस्ता ठेवू नका. तो एकदा कोणी घेतला की त्या गावाचे तिकीट ज्याच्याकडे आहे तो निरुपाय होतो. मूळ नकाशावर काही गावांमध्ये दोन समांतर मार्ग आहेत ते यासाठीच, आणि दोघे-तिघेच खेळत असतील तेव्हा त्यांतला एकच वापरायचा असा नियम आहे.

पुस्तकवाली, जळगाव

आधीच्या उत्तरांमध्ये खेळाविषयी बरेच आले आहे, म्हणून मी पर्याय आणि खरेदी यांबद्दल लिहिते. फासा नको आणि वाचन नको या तुमच्या दोन्ही अटी पाळणारे स्वस्त खेळही आहेत. आमच्याकडे सर्वांत जास्त खेळला जातो तो 'ब्लोकस'. चार रंग, प्रत्येक रंगाचे 21 वेगवेगळ्या आकारांचे तुकडे, आणि 400 चौकोनांचा पट. आपल्या रंगाचा तुकडा आपल्याच रंगाच्या तुकड्याला फक्त कोपऱ्याने टेकला पाहिजे, कड लागता कामा नये. एवढा एकच नियम. माझी आजी तो एका डावात शिकली, कारण तिला रांगोळीच्या ठिपक्यांचा हिशेब होता. डाव अर्ध्या तासाच्या आत संपतो. उणीव अशी की तो चौघांचा खेळ आहे. पाचवा मनुष्य आला की जोडी करावी लागते. 'किंगडोमिनो' हाही लहान आणि सुंदर खेळ आहे, पंधरा-वीस मिनिटांचा, त्याला 2017 चा तोच जर्मन पुरस्कार आहे, पण तोही चौघांचाच. तुमच्याकडे आखाजीला चार मुले आणि आजी असणार, हे पाहता पाच जणांचा खेळ घेण्यात अर्थ आहे.

या पुरस्काराचे चिन्ह बऱ्याच डब्यांवर सोंगटीच्या आकारात छापलेले असते, ते ओळखता आले तर उपयोग होतो. लाल सोंगटी म्हणजे सगळ्या कुटुंबाचा खेळ, निळी म्हणजे लहान मुलांचा, आणि काळसर राखाडी म्हणजे सरावलेल्या खेळाडूंचा. राखाडी चिन्हाचा खेळ पहिल्यांदाच घेणाऱ्या घराने घेऊ नये, तो फार वेळ न उघडता पडून राहतो.

खरेदी करताना नकलांपासून सावध राहा. एका विक्रेत्याकडे किंमत इतरांच्या निम्मी दिसली म्हणून मी एकदा असाच खेळ मागवला. पत्ते पातळ होते, दोन रंग दिव्याच्या उजेडात सारखेच दिसत आणि एका रंगाचे तुकडे कमी होते. परत घ्यायला त्यांनी नकार दिला, कारण डबा उघडलेला होता. तेव्हापासून मी डबा उघडताना मोबाइलवर चित्रण करते आणि पुस्तिकेतील यादीप्रमाणे सगळे मोजूनच पुढचे प्लास्टिक फाडते. चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर 1 जानेवारी 2021 पासून आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे, तेही पाहावे. बोर्ड गेमवरचा जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला आहे, त्यामुळे जुनी छापील किंमत दाखवणाऱ्या दुकानदाराला त्याबद्दल विचारायला हरकत नाही. आणि भाच्यांमध्ये कोणी तीन वर्षांखालचे असेल, तर ते छोटे डबे त्याच्या हाती लागणार नाहीत याची काळजी घ्या.

पांझराकाठ, धुळे

आठवडा झाला, आता काय घडले ते सांगते. मुलाने भूगोलाचे पुस्तक आणि त्याच्या बाबांकडचे रेल्वेचे वेळापत्रक घेऊन एका मोठ्या ड्रॉइंग शीटवर आपल्या खान्देशाचा नकाशा काढला. वरच्या बाजूला सुरतेहून नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा, अमळनेर, धरणगाव करत जळगावला येणारी लाइन, खालून मनमाड, चाळीसगाव, पाचोरा करत येणारी, पुढे भुसावळ, आणि तिथून रावेरकडे आणि मलकापूरकडे जाणारे दोन फाटे. पाचोरा ते जामनेर छोट्या रुळांची जुनी गाडीही त्याने सोडली नाही. मग त्याच्या लक्षात आले की आपल्या धुळ्याला चाळीसगावाकडून येणारा एकच रस्ता आहे आणि भुसावळच्या काकांनी नेमका तोच धोका सांगितला होता. पुष्कळ विचार करून त्याने काम चालू असलेली धुळे ते नरडाणा ही लाइन ठिपक्यांनी काढली आणि तिच्यावरून जायला एक पत्ता जास्त लागेल असा स्वतःचा नियम केला.

डब्यांऐवजी आगपेटीच्या काड्या जलरंगात रंगवल्या. घरात आलेल्या लग्नपत्रिका कापून 56 पत्ते केले आणि त्यांवर मुलीने खडूने गाड्यांची चित्रे काढली. पहिल्या संध्याकाळी सासूबाई लांब बसून वाती वळत होत्या. पत्ते हा शब्द ऐकून त्यांनी मान फिरवली होती. मुलगी त्यांच्याजवळ गेली आणि एक पत्ता तिने त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला आणि म्हणाल्या, "हाई ते गाडी शे." मग वातींचे ताट बाजूला सरकवून त्या नकाशापाशी आल्या आणि धुळे कुठे आहे ते त्यांनी विचारले. 49 वर्षांपूर्वी लग्नानंतर त्या चाळीसगावहून याच गाडीने धुळ्याला आल्या होत्या. हातात कोणतेही तिकीट असो, त्या आणि मुलगी आधी चाळीसगाव ते धुळे हा मार्ग घेतात. मुलाने दोनदा समजावले की असे केल्याने त्या हरतात. त्यांनी ऐकले नाही आणि तिसऱ्यांदा त्याने समजावणे सोडून दिले.

पहिला डाव दोन तास चालला, कारण प्रत्येक पाळीला पुस्तिका पाहावी लागत होती. दुसऱ्या दिवशीचा पाऊण तासात संपला. मुलगी अर्ध्या तासानंतर थकते, मग आजी एकट्या खेळतात आणि ती काड्या रांगेत लावून देते. ती एकदाही रडली नाही. वजा गुणांचा नियम आम्ही तिच्या जोडीपुरता बंद ठेवला आहे, आणि स्टीलच्या ताटाचा उपाय तर पहिल्याच दिवशी करावा लागला.

इतके चांगले चालले असताना विकतचा खेळ कशाला, असे यजमानांनीच विचारले. पण चौथ्या दिवशी आम्हाला कळले की मुलगा गड्डीतला वरचा पत्ता न पाहता ओळखतो. इंजिनाचे पत्ते एका जाड, लाल पत्रिकेचे कापले होते आणि मागची बाजू वेगळी दिसत होती. त्याने ते स्वतः येऊन सांगितले, याचे मला बरे वाटले. काड्या तुटतात, रंग बोटांना लागतो आणि पाच जण बसले की पत्ते पुरत नाहीत. म्हणून मूळ खेळ घ्यायचे ठरले आहे. एक हजार रुपये मुलगा त्याच्या साठवणीतून देणार आहे. शहाद्याच्या दादांची नवकंकरी आम्ही ओट्याच्या फरशीवर तेलरंगाने कायमची काढून घेतली आहे, तिला फासा लागत नाही. भारताच्या नकाशाची पुरवणी आत्ता घेणार नाही.

आखाजीपर्यंत डबा येईल असे दिसत नाही, त्यामुळे सुरतेच्या भाच्यांना हाच हाताने केलेला नकाशा मिळेल. त्यांना सोपे जावे म्हणून मी मुलाला ती ठिपक्यांची नरडाण्याची रेघ पक्की करून टाक असे सुचवले, पण त्याने नकार दिला. रूळ पूर्ण टाकले जातील तेव्हाच ती पेनाने काढायची, असे त्याचे म्हणणे आहे.